मानसिंगरावांचा जांभळा झेंडा

समजा, मुलांनो, एक मोठं मैदान आहे. दोन्ही टोकांना बांबूचे गोल रोवलेले आहेत. मैदानाच्या या कडेला तुमच्या बाबांच्या गावची माणसं ओरडताहेत, त्या कडेला तुमच्या आजोळची. आणि एका गोलात तुमचा सख्खा मामा उभा आहे, ज्यानं तुम्हाला बॉल मारायला शिकवलं. आता सांगा, तुम्ही कुठं बसाल?

थांबा, लगेच हात वर करू नका. सारजालाही महिनाभर सगळ्यांनी हेच विचारलं आणि तिनं कुणालाच उत्तर दिलं नाही. "सामना बघू दे, मग सांगंन," एवढंच ती म्हणायची. नऊ वर्षांच्या पोरीला जे कळलं, ते तिच्या वडिलांना कळलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती. त्यामुळे आपण मानसिंगरावांचे आभार मानूनच पुढं जाऊ.

मानसिंगराव हे सारजाचे वडील. बारामतीला कालव्याच्या कचेरीत कारकून होते. काळी टोपी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट आणि एक सायकल. सायकलला घंटी नव्हती, कारण आपण येतोय हे लोकांना आपोआप कळलं पाहिजे असं त्यांना वाटे. स्वभाव चांगला, अक्षर त्याहून चांगलं. सगळं दुखणं होतं ते सासुरवाडीचं. त्यांची बायको प्रयागबाई इंदापूरची.

आता नीरेचा कालवा आधी बारामतीला येतो आणि मग वाहत वाहत इंदापूरकडं जातो. म्हणजे पाणी पहिल्यांदा पिणार बारामतीचा ऊस आणि उरलंसुरलं मिळणार इंदापूरच्या शेतांना. निदान इंदापूरकरांचं म्हणणं तसं होतं. आणि ते पाणी आपला जावईच मुद्दाम अडवून धरतो, असंही त्यांचं म्हणणं होतं. वास्तविक मानसिंगरावांच्या ताब्यात कचेरीतला पाण्याचा माठसुद्धा नव्हता. तो शिपायाच्या ताब्यात असे. पण हे सासुरवाडीला सांगायचं कसं? जावयाची किंमत कमी होते.

त्यात त्या साली, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती त्या दिवसांत, फुटबॉलच्या ढालीसाठी अंतिम सामना ठरला बारामती आणि इंदापूर यांच्यात. पलटणीतून सुटून आलेल्या जवानांनी हा खेळ आपल्या भागात आणला होता आणि बघता बघता तो पोरांच्या पायात भिनला होता. सामना इंदापुरात व्हायचा होता. आणि इंदापूरचा गोल राखणारा गडी कोण, तर सिद्धू, प्रयागबाईंचा धाकटा भाऊ. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं सारजाला अंगणात उभं करून खेळाचा नियमन् नियम शिकवला होता. सारजाचा जन्मही आजोळी, इंदापुरातच झालेला. मग लोक विचारणारच, "काय गं सारजे, तू कुणाकडची?"

"पोरगी बारामतीची आहे!" तिच्या वतीनं मानसिंगराव ठणकावून सांगत.

एके दिवशी संध्याकाळी गेणू शिंप्याच्या दुकानापुढं चारचौघं जमले होते. पानाच्या ठेल्यावरचा झुंबरही आला होता. हा झुंबर बारामतीच्या पाठीराख्यांचा मुख्य आवाज. त्याला फुटबॉलमधलं फारसं कळत नसे, पण ओरडायचं कधी ते बरोबर कळे.

"इंदापूरवाल्यांनी चार हलग्या सांगितल्यात म्हणं," झुंबर म्हणाला. "आपल्याकडं काय हाय? नुसतं तोंड. आपुन आलोय हे कळाया तरी पायजे."

"एक झेंडा करू," मानसिंगराव म्हणाले. "त्यात काय?"

मुलांनो, 'त्यात काय' हे दोन शब्द जपून वापरावेत. या दोन शब्दांनी आजवर जेवढी शहाणी माणसं अडचणीत आणली, तेवढी दारूनंही आणली नसतील. मानसिंगराव हे बोलले आणि झुंबरनं तिथल्या तिथं जाहीर केलं, "ठरलं! झेंडा मानसिंगरावांचा. आन् धरणार बी मानसिंगरावच."

पहिला प्रश्न आला रंगाचा.

"लाल करा की," कुणीतरी म्हणालं.

"लाल नगं," गेणू म्हणाला. "लाल बावटा म्हंत्याल. मानसिंगरावांची नोकरी जाईल."

"मग भगवा?"

"भगवा घेऊन एवढी माणसं ट्रकात बसली तर पोलिसांना वाटंल मोर्चा निगाला मुंबईला. भिगवणच्या फाट्यावरच उतरवत्याल."

"पिवळा?"

"जेजुरीला निगाल्यागत दिसंल. वाटंत बाया पाया पडत्याल."

"काळा?"

"काळं निशाण मंत्र्याला दाखवायचं आस्तंय. तिथं मंत्री कुठं हाय?"

"पांढरा," शेजारच्या रंगूबाई ओट्यावरून म्हणाल्या. त्या गहू निवडत होत्या आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"पांढरा लढाई हरल्याव दावत्यात, काकू."

"मग घेऊन जावा. परत येताना उपेगी पडंल."

शेवटी एकच रंग असा निघाला की जो कुठल्या पक्षाचा नव्हता, देवाचा नव्हता आणि सरकारचाही नव्हता. तो म्हणजे जांभळा. बारामतीचा झेंडा जांभळा, असं सर्वानुमते ठरलं.

पण तो रंग कुठल्याच पक्षानं का घेतला नसेल, हे मानसिंगरावांना दुसऱ्या दिवशी कळलं. बाजारात जांभळं कापडच मिळत नव्हतं. एका दुकानदारानं तर "जांभळं? घरी सगळं ठीक हाय ना?" असं हळू आवाजात विचारलं. सामना चार दिवसांवर आला आणि झेंड्याच्या नावानं हाती होता नुसता बांबू.

त्या दिवसांत प्रयागबाई सांगवीला नणंदेकडं गेल्या होत्या. मानसिंगरावांनी सहज म्हणून पेटी उघडली. बायकोची पेटी कुणीही सहज उघडत नसतो, पण त्यांनी उघडली. आणि तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासात, त्यांना दिसलं एक जांभळं इरकली लुगडं. लाल-पिवळ्या काठाचं. नव्यासारखी घडी घातलेलं.

मानसिंगरावांनी विचार केला. तो विचार मी तुम्हाला जसाच्या तसा सांगतो, म्हणजे पुढं तुमच्या हातून तसा होणार नाही. 'हे लुगडं प्रयाग कधीच नेसत नाही. जे नेसत नाही, ते तिला आवडत नसणार. जे आवडत नाही, ते नको असणार. मग बारामतीच्या कामी आलं तर तिला आनंदच होईल.' कचेरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाचा विचार असा पायरी पायरीनं खड्ड्यात उतरतो.

गेणूनं लुगडं हातात घेतलं आणि त्याचा चेहरा पडला. "मानसिंगराव, हे कापायला माझी कात्री धजत न्हाय."

"मग कापू नको."

"आख्खं नऊवारी फडकवायचं?"

"झेंडा लहान असावा असा नियम आहे का?"

नियम नव्हता. गेणूनं काठ तसाच ठेवला, एका कडेला बांबूला बांधायला बंद शिवले आणि पांढऱ्या मांजरपाटाची अक्षरं बेतून त्यावर 'बारामती' असं टाचलं. झेंडा वाळत घालायच्या दोरीवर टांगला, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोळ अडला. रंगूबाईंना म्हैस न्यायला वाट उरली नाही. "म्हस झेंड्याखालनं जाईल, पर वळवताना शिंगाला गुतलं तर मला बोलू नगा," त्यांनी बजावलं.

एवढ्यात फौजदारसाहेबांचं बोलावणं आलं. बोळात कसलंसं निशाण लावलंय, अशी खबर त्यांच्यापर्यंत गेली होती.

"कुठल्या पक्षाचा झेंडा?" फौजदारांनी विचारलं.

"पक्षाचा नाही, साहेब. फुटबॉलचा."

"फुटबॉलला झेंडा कशाला लागतो?"

"आम्ही कुणाकडचे ते कळायला नको का, साहेब?"

"तुम्ही सरकारी नोकर ना? सरकारी नोकरानं कुणाकडचं असू नये."

"पण मी बारामतीचा आहे, साहेब."

"तेच म्हणतो मी. बारामतीचा असा, पण बारामतीकडचा असू नका."

या वाक्यावर मानसिंगरावांनी पुष्कळ विचार केला, पण ते त्यांना शेवटपर्यंत उलगडलं नाही. अखेर परवानगी मिळाली ती एका अटीवर. झेंडा मिरवायचा नाही. मैदानात पोलीस सांगतील त्या एकाच जागी रोवायचा, आणि सामना संपेपर्यंत मानसिंगरावांनी स्वतः त्याच्याजवळ उभं राहायचं. काही गडबड झाली तर जबाबदार तेच.

घरी येऊन बघतात तो प्रयागबाई सांगवीहून परत आलेल्या. दोरीवरच्या झेंड्यापुढं कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. सारजा शेजारी.

"अगं, ते नुसतं पडून होतं..." त्यांनी सुरुवात केली.

प्रयागबाईंनी काठावरून हळूच बोट फिरवलं. आवाज चढवला नाही. "न्या की," त्या म्हणाल्या. "सामन्याला माझी आई यायचीच हाय."

आणि भाकरी टाकायला आत निघून गेल्या.

"बघ, सारजे," मानसिंगराव खूश होऊन म्हणाले, "तुझी आईसुद्धा बारामतीची झाली."

सारजानं वडिलांकडं असं पाहिलं, जसं आपण विहिरीच्या काठावर नाचणाऱ्या वासराकडं पाहतो.

सामन्याच्या दिवशी गुळाच्या ट्रकातून सगळी मंडळी निघाली, प्रयागबाई आणि सारजासुद्धा. ट्रकात अजून गुळाचा वास होता आणि मुंग्याही होत्या. बांबूला गुंडाळलेला झेंडा मानसिंगरावांनी मांडीवर आडवा धरला होता, त्यामुळे प्रत्येक वळणाला कुणाच्या ना कुणाच्या कानशिलाला तो लागे. लासुर्ण्याजवळ उसाच्या गाड्यांनी वाट अडवली, तेव्हा झुंबरनं ट्रकावर उभं राहून घोषणा दिल्या. गाडीवानांनी त्याला दोन ऊस दिले आणि विचारलं, "कुणाचं लगीन हाय?"

इंदापुरात उतरल्या उतरल्या मानसिंगरावांचे सासरे पुढं आले. हिंदुरावतात्या म्हणजे मोठं प्रस्थ. पांढऱ्या मिशा, हातात काठी. मागं एकजण पाण्याचा तांब्या घेऊन आणि एकजण ताटात केशरी फेटा घेऊन.

"या, जावईबापू!" हिंदुराव गरजले. "पाय धुवा."

"तात्या, आज मी जावई म्हणून आलेलो नाही. बारामतीच्या वतीनं..."

"आसं कसं? जावई काय पावसाळी छत्री हाय, आज हाय आन् उद्या न्हाय? पाय धुवा म्हंतो ना."

भर रस्त्यात मानसिंगरावांचे पाय धुतले गेले. मग हिंदुरावांनी आपल्या हातानं त्यांची काळी टोपी उतरवून त्यांना फेटा बांधला. आता गंमत अशी, की इंदापूरच्या गड्यांच्या कमरेला त्या दिवशी केशरीच पट्टे होते. फेटा बांधून झाल्यावर इंदापूरच्या चारही हलग्या एकदम कडाडल्या. सासऱ्यानं बांधलेला फेटा जावयानं उतरवायचा म्हणजे सोयरीक मोडल्यासारखं. मानसिंगराव तसेच मैदानाकडं निघाले. डोक्यावर इंदापूर आणि खांद्यावर बारामती.

ट्रकातली मंडळी बघतच राहिली. "मानसिंगराव," झुंबर म्हणाला, "मान कुणाची हाय तेवढं सांगा."

मैदानात आणखी घोळ. इंदापूरची माणसं झेंडा आपल्या कडेला लावू देईनात. बारामतीच्या कडेला लावावा, तर मागं बसलेल्यांना काही दिसेना. "नऊ वाराचा पडदा लावून नाटक दावायचंय व्हय?" ती ओरडायला लागली. शेवटी जमादारानं त्याला एका गोलाच्या मागं, कोपऱ्याच्या अंगाला जागा दिली. तिथं कुणीच बसत नव्हतं. बसली होती फक्त सारजा. मैदानाभोवती बांधलेल्या दोरीपाशी दोन्ही कडांना तिला "तू कुणाकडची?" असं विचारलं गेलं होतं, म्हणून ती गोलाच्या मागं, जिथं कुणाचीच बाजू नव्हती, तिथं खांबाजवळ मांडी घालून बसली होती. मानसिंगरावांनी तिला खूण करून झेंड्याखाली बोलावलं. तिनं मान हलवली. त्यांना जरा लागलं. पोटच्या पोरीनं एवढ्या लोकांसमोर आपल्या झेंड्याखाली बसू नये, हे कुठल्या बापाला लागणार नाही?

पंच म्हणून दौंडहून रेल्वेचे एक गार्ड आणले होते. शिट्टी वाजवणं हा त्यांचा रोजचा धंदा, आणि दोन्ही गावांत सोयरीक नसलेला माणूस शोधायला दौंडपर्यंत जावं लागलं होतं. त्यांनी जांभळ्या झेंड्याकडं पुष्कळ वेळ पाहिलं. ना लाल, ना हिरवा. गाडी थांबवावी की सोडावी, ते त्यांना ठरवता येईना. मग त्यांनी शिट्टी फुंकली आणि सामना सुरू झाला.

खेळ अटीतटीचा झाला. इंदापूरकडं पळसदेवचा एक गडी होता, भीमेत पोहून पोहून छाती झालेला. तो धावत आला की बारामतीची पोरं बाजूला सरत. बारामतीची पोरं लहानखुरी पण चपळ. बॉल अडला की इंदापूरच्या बाजूनं आरडा होई, "पानी अडवलं, आता बॉल बी अडवा!" आणि तो पुढं गेला की बारामतीची बाजू म्हणे, "घ्या, सोडलं पानी!" अर्धा वेळ झाला तरी कुणाचाच गोल झाला नव्हता.

मधल्या सुट्टीत मानसिंगरावांच्या सासूबाई, बनाबाई, लेकीला घेऊन जावयाची चौकशी करायला आल्या. हातात लाडवांचा डबा होता. डबा पुढं केला, आणि त्यांची नजर वर गेली. मग काठावर गेली. मग लेकीकडं गेली. प्रयागबाई आकाशात कुठंतरी पाहत होत्या.

"हे लुगडं," बनाबाई सावकाश म्हणाल्या, "मी प्रयागीला सारजाच्या बारशाला नेसवलंय."

मानसिंगरावांनी डब्याकडं गेलेला हात मागं घेतला. लाडू अजून दिलाही नव्हता.

"सोलापूरवरनं आणलं होतं! बारशाचं म्हणून पोरीनं जिवागत जपलं. आन् तुमी त्याचं निशाण केलं? आमच्याच लुगड्यावर आमच्याशीच लढाया आलाय व्हय, जावईबापू?"

बनाबाईंचा आवाज मोठा होता. इंदापूरच्या बाजूला हे ऐकू गेलं आणि तिकडं एकच हशा उसळला. "झेंडा आपलाच हाय रं! इंदापूरच्या लुगड्याचा हाय!" हलग्या वाजल्या. त्यांनी बारामतीच्या झेंड्याचा जयजयकार सुरू केला. इकडं बारामतीची माणसं खाली माना घालून बसली. झुंबर दोरीवरून ओरडला, "मानसिंगराव, टोपी दिली, झेंडा दिला, आता ढाल बी देऊन टाका!"

बनाबाईंनी झेंड्याची खालची गाठ सोडायला घेतली. एक सुटली. दुसरीला हात घातला, तेवढ्यात हिंदुराव आले. "आगं, सामना तरी होऊ दे. जावयाला भर मैदानात उघडं पाडतीस व्हय?" बनाबाई फणकारल्या आणि निघून गेल्या. लाडवांचा डबा बरोबर नेला. सुटलेली गाठ बांधायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. मानसिंगराव बायकोला एवढंच म्हणाले, "मला सांगायचं तरी..."

"तुमी कुठं इचारलं?" प्रयागबाई म्हणाल्या.

मुलांनो, ज्या प्रश्नाला उत्तर नसतं तो प्रश्न बहुधा बरोबर असतो.

दुसऱ्या डावात बाजू बदलल्या आणि सिद्धू झेंड्यापुढच्या गोलात आला. त्यानं मागं वळून सारजाला डोळा मारला आणि मानसिंगरावांना म्हणाला, "दाजी, ताईचं लुगडं सांभाळा हां!" दिवस कलायला लागला. वारा सुटला. खेळ संपत आला तरी दोन्हीकडं भोपळाच. आणि अशा वेळी बारामतीचा एक पोऱ्या दोघांना चकवून एकदम पुढं घुसला. सिद्धू पुढं सरकला. पोऱ्यानं पाय उचलला.

नेमका त्याच क्षणी वाऱ्याचा मोठा झोत आला. आधीच एक गाठ सुटलेली. बाकीच्याही सुटल्या आणि नऊवार जांभळं इरकली बांबू सोडून गोलावर झेपावलं. अर्धं खांबाला गुंडाळलं, अर्धं सिद्धूच्या डोक्यावर. बॉल सणसणत आला, लुगड्याखाली शिरला आणि गोलाच्या मागं सारजाच्या पुढ्यात जाऊन पडला. गोलाला जाळी तर नव्हतीच.

"गोऽऽल!" बारामती उसळली.

"भाईर! भाईरनं गेला!" इंदापूर गरजलं.

सिद्धू लुगड्यात चाचपडत होता. मानसिंगरावांनी पाहिलं असतं, पण ते रिकाम्या बांबूला धरून वर बघत होते. पंचांनाही जांभळ्याशिवाय काही दिसलं नव्हतं. दोन्हीकडची माणसं दोरी ओलांडून आत आली. काठ्या अजून जमिनीवर टेकलेल्या होत्या, पण हात वर सरकायला लागले होते. आणि जमादार मानसिंगरावांकडं बोट दाखवत होता, 'जबाबदार तेच' म्हणून.

पंचांनी पाहिलं, तर गोलाच्या मागं एक पोरगी बॉल मांडीवर घेऊन बसलेली. "हिनं पाहिलं असेल," ते म्हणाले. "ही कुणाची?"

"आमची!" बारामतीची माणसं म्हणाली. "मानसिंगरावांची लेक हाय. इचारा तिला."

"आमची!" इंदापूरची माणसं म्हणाली. "आमच्यात जन्मलीया. सिद्धूची भाची. इचारा की!"

दोन्ही बाजू लगेच कबूल झाल्या, कारण दोघांनाही खात्री होती. ती म्हणेल ते कबूल. पंचांनी सारजाला पुढं बोलावलं. गलका एवढा, की तिचं बोलणं कुणाला ऐकू जाणार नव्हतं. म्हणून ते मोठ्यानं म्हणाले, "गोल झाला असेल तर बॉल मधोमध नेऊन ठेव. बाहेरून गेला असेल तर इथं, खांबाच्या बाजूला ठेव."

सारजानं बॉल छातीशी धरला. ती मामाकडं बघेना, वडिलांकडं बघेना. एवढी मोठी माणसं, एवढ्या काठ्या, आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर.

तेव्हा मानसिंगरावांना एकदम काय झालं कोण जाणे. महिनाभर 'पोरगी बारामतीची' म्हणणारा तो माणूस बांबू टाकून पुढं आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. फेटा एका कानावर आला होता. कचेरीतली भाषा कुठल्या कुठं गेली आणि लहानपणीची सांगवीतली बोली तोंडात आली.

"सारजे, माझ्याकडं बघू नगं. मामाकडं बी बघू नगं. ही माणसं काय म्हंत्यात ते ऐकू नगं. बॉल कुठनं गेला तेवढं तुला ठावं हाय ना?"

सारजानं मान डोलावली.

"मग जा. तुला कुणी काय बोललं तर म्या हाय."

सारजा निघाली. पहिली पावलं मैदानाच्या मधल्या अंगाला पडली. बारामतीकरांनी टोप्या उडवल्या. पण ती मधोमध जातच नव्हती. जमिनीवर आईचं लुगडं पसरलं होतं आणि त्यावर पाय पडू नये म्हणून ती वळसा घालत होती. वळसा पुरा करून ती गोलाशी परत आली. खांबाच्या बाजूला, बाहेर, तिनं बॉल खाली ठेवला. घरंगळू नये म्हणून पायाच्या अंगठ्यानं त्याच्याभोवती थोडी माती ओढली. मग उभी राहिली.

बॉल बाहेरून गेला होता.

इंदापूरच्या बाजूला हलग्यांचा कडकडाट झाला. बारामतीची बाजू गार पडली. उडवलेल्या टोप्या शोधायला माणसं खाली वाकली.

"आजोळचं रगत, दुसरं काय," झुंबर थुंकून म्हणाला. "मानसिंगराव, तुमच्याच घरातनं गोल गेला की आपला!"

मानसिंगराव उठले. गुडघ्याची माती झटकली. लुगडं गोळा करून, नीट घडी घालून त्यांनी प्रयागबाईंच्या हातात दिलं. मग सगळं मैदान ओलांडून ते बारामतीच्या माणसांत जाऊन उभे राहिले. त्यांना कुणी जागा करून दिली नाही. शेजारचे दोघं तर पाठ फिरवून उभे राहिले. पण मानसिंगरावांची छाती त्या दिवशी कोटाच्या बटणांत मावत नव्हती.

"झुंबर," ते म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ती बारामतीची हाय का इंदापूरची, ते मला ठावं न्हाय. माझी हाय. एवढं ध्यानात ठेव."

पंचांनी शिट्टी फुंकली. सिद्धूनं बॉल लांब मारला. तो हवेत असतानाच सारजा आपल्या जागेवरून उठली. गोलाच्या मागून, कोपऱ्याला वळसा घालून, परकर एका हातानं उचलून ती धावत बारामतीच्या दोरीपाशी आली. पाठ फिरवून उभ्या असलेल्या दोघांच्या मधून घुसली आणि वडिलांना खेटून उभी राहिली. दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि महिनाभर दाबून ठेवलेला आवाज सगळा एकदम काढून ओरडली,

"बारामतीऽऽ! आता नीट आत मारा!"